क्रोएशियाची सहल: व्हिसावर एक नजर टाका

प्लित्वित्से सरोवरं, मग स्प्लिट आणि शेवटी डुब्रोव्हनिक अशी गाइडेड टूर घेताय? स्प्लिट ते डुब्रोव्हनिकच्या जुन्या किनारी रस्त्यावर नेउमपाशी बोस्नियाची चिंचोळी पट्टी आडवी येते. क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, बोस्निया नाही. व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल, तर तिथं शिरताच तो संपतो आणि परत आत येता येत नाही.

1. आधी व्हिसा उघडून ‘एंट्रीज’चा रकाना बघा. 01 म्हणजे एकदाच.
2. बस पेल्येशाट्स पुलावरून जाणार ना, हे टूरवाल्यांकडून लेखी घ्या. 2022 मध्ये सुरू झालेला हा पूल बोस्नियाला वळसा घालतो, टोलही नाही.
3. स्वतः गाडी चालवत असाल तर मॅपमध्ये हा पूल मधला थांबा म्हणून टाका.

मोस्तार किंवा कोटोरची ‘ऐच्छिक’ सहल मात्र नीट विचारून घ्या. मोस्तार बोस्नियात आहे, कोटोर माँटेनेग्रोत. दोन्ही गावं सुंदर, जावंसं वाटणारच. पण त्यासाठी मल्टिपल एंट्री हवी आणि ती अर्ज भरतानाच मागायची.