छोटं प्रायव्हेट कॉलेज की मोठी स्टेट युनिव्हर्सिटी? अमेरिकेत पदवीसाठी निवड कशी करावी

मार्च संपता संपता अमेरिकेतल्या कॉलेजांचे निकाल हाती येतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. त्या महिनाभरात घरात एकच विषय असतो. सुमारे ६० हजार विद्यार्थ्यांची ओहायो स्टेटसारखी युनिव्हर्सिटी घ्यावी, की विल्यम्स किंवा ॲमहर्स्टसारखं दोनेक हजार मुलांचं कॉलेज? मुलीच्या वेळी आम्हीही ‘मोठं चांगलं की छोटं’ यावर दोन आठवडे वाद घातला आणि हाती काही लागलं नाही. मग प्रश्नच बदलले: पहिली दोन वर्षं हिला कोण शिकवणार, आणि आपल्या खिशातून नेमके किती जाणार? या दोन्हींची उत्तरं शोधून काढता येतात.

१. जाहीर फी पाहून फाइल मिटू नका

भरपूर निधी गाठीशी असलेली प्रायव्हेट कॉलेजं घरच्या उत्पन्नानुसार मोठी ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, देतात. मध्यम उत्पन्नाच्या घराला ती कधी कधी स्टेट युनिव्हर्सिटीपेक्षाही स्वस्त पडतात. उलट, सरकारी म्हणून परराज्यातल्या युनिव्हर्सिटीकडे वळाल तर फसाल. इन-स्टेट, म्हणजे कमी असलेली फी, फक्त त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असते. केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११पासून वेबसाइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवावा लागतो. त्यात उत्पन्न, बचत आणि घरातली माणसं भरली की आपल्या खिशातून किती जाईल याचा अंदाज मिळतो. स्वतःचा धंदा असेल किंवा आईवडील वेगळे राहत असतील, तर तो चुकू शकतो; अशा वेळी सरळ फायनान्शियल एड ऑफिसला फोन करा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत मिळत नाही. त्यांनी प्रत्येक कॉलेजला स्वतंत्र विचारावं.

२. मदतीचं पत्र ओळीओळीने वाचा

इथे घाई करू नका. समजा, पत्रात वर्षाचा एकूण खर्च ६२,००० डॉलर लिहिलाय आणि खाली मदत अशी: ग्रँट ३०,०००, फेडरल लोन ५,५००, वर्क-स्टडी २,५००, पेरेंट प्लस लोन (पालकांच्या नावावरचं फेडरल कर्ज) १४,०००. बेरीज ५२,०००, म्हणजे आपल्याला फक्त १०,००० भरायचे असं वाटतं. आता पेन घ्या आणि ग्रँट सोडून बाकी सगळ्या ओळींवर काट मारा. लोन फेडायचं असतं. वर्क-स्टडी म्हणजे मुलाने कॅम्पसवर काम करून मिळवायचा पगार. तो वर्षभर थोडा थोडा हातात येतो, ऑगस्टच्या बिलातून वजा होत नाही. खरा आकडा ३२,०००.

त्याला चाराने गुणा, आणि दर वर्षी फी थोडी वाढणार हे धरून चाला. मग ग्रँटच्या अटी पाहा. गुणांवर मिळालेली स्कॉलरशिप असेल तर किती जीपीए (गुणांची सरासरी) राखावा लागतो? पहिल्या सेमिस्टरला घसरला तर सावरायला संधी मिळते का? पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर फेडरल लोन पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दर वर्षी ७,५०० डॉलरपर्यंत मिळतं, चार वर्षांचे मिळून २७,०००. माझं मत स्पष्ट आहे: याच्यापलीकडे कर्ज काढावं लागत असेल, तर नाव कितीही मोठं असो, दुसरं पत्र उघडा.

३. वर्गात जाऊन बसा

‘दहा मुलांमागे एक शिक्षक’ अशा आकड्यावरून पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीच्या वर्गात किती मुलं असतील हे कळत नाही. त्यासाठी कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे ठरावीक नमुन्यातली आकडेवारी, काढा. त्यातल्या ‘आय-३’ तक्त्यात २० पेक्षा कमी मुलांचे वर्ग किती आणि १०० च्या वरचे किती, हे दिलेलं असतं.

मग प्रत्यक्ष जा. आम्ही ज्या मोठ्या युनिव्हर्सिटीत बसलो तिथे तीनेकशे मुलांचा हॉल होता. प्रोफेसर उत्तम शिकवत होते, पण शंकांसाठी आठवड्यातून एकदा टीएचा (टीचिंग असिस्टंटचा) छोटा वर्ग. छोट्या कॉलेजात टेबलाभोवती चौदा मुलं होती. एकाने वाचून आणलं नव्हतं, ते पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं. काही मुलं अशा टेबलाशी फुलतात, काहींना त्याचं दडपण येतं. आपलं मूल कुठलं, हे त्यालाच विचारा. बाहेर पडताना दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा, ‘तुझं नाव माहीत असलेले किती प्रोफेसर आहेत?’ मुलीने दोन्हीकडे हे विचारलं. एकीकडे ती विद्यार्थिनी बोटांवर मोजू लागली, दुसरीकडे मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, ‘एक, बहुतेक.’

४. कॅटलॉग नको, वेळापत्रक पाहा

छोट्या कॉलेजात एखाद्या विभागात चारच शिक्षक असतात. एक सबॅटिकलवर, म्हणजे अभ्यासासाठीच्या लांब रजेवर, गेला की त्याचा कोर्स वर्षभर बंद. म्हणून कॅटलॉगमधल्या कोर्सच्या यादीवर न जाता, गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष काय शिकवलं ते पाहा. कधी शेजारची कॉलेजं मदतीला येतात: स्मिथ, माउंट होलिओक आणि ॲमहर्स्टच्या मुलांना जवळच्या यूमास ॲमहर्स्ट या मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीतही कोर्स घेता येतात. इंजिनीअरिंग बऱ्याच छोट्या कॉलेजांत नसतं. स्वार्थमोर आणि स्मिथमध्ये आहे.

मोठ्या ठिकाणी अडचण वेगळी. कोर्स शेकडो, पण हव्या त्या मेजरचं, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचं, दार उघडं असेलच असं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये कॉम्प्युटर सायन्सला बहुतेक मुलं थेट पहिल्या वर्षीच घेतात. मागाहून आत शिरणं फार अवघड. प्रवेश युनिव्हर्सिटीत मिळालाय की मेजरमध्येही, हे लेखी विचारा. लॅबमध्ये संशोधनाचं काम मिळवायच्या रांगेतही पीएचडीची मुलं पुढे असतात. छोट्या कॉलेजात ती सहसा नसतात, म्हणून प्रोफेसर पदवीच्या मुलांनाच हाताशी घेतात.

ऑनर्स कॉलेज, म्हणजे मोठ्या युनिव्हर्सिटीतच निवडक मुलांसाठी असलेलं छोटं कॉलेज, हा मधला मार्ग, उदाहरणार्थ ॲरिझोना स्टेटमधलं बॅरेट. फक्त ऑनर्सच्या मुलांसाठीचे वर्ग चार वर्षांत किती, हे आधी विचारा.

५. कॉलेज टिकेल ना?

मॅसॅच्युसेट्‌समधलं माउंट आयडा कॉलेज २०१८च्या वसंतात बंद झालं, आणि तिथल्या मुलांना दुसरीकडे जागा शोधायला जेमतेम काही आठवडे मिळाले. फारसं नाव नसलेलं छोटं कॉलेज घेताना गेल्या पाच वर्षांची विद्यार्थिसंख्या पाहा. ती सतत घसरत असेल, तर मोठी स्कॉलरशिप मिळत असली तरी सावध राहा.

६. होकार कळवण्याआधी

आवडत्या कॉलेजने कमी मदत दिली असेल, तर दुसऱ्याचं पत्र जोडून फेरविचाराची विनंती करा. नोकरी गेली किंवा दवाखान्याचा मोठा खर्च आला असेल, तर कागदपत्रांसह सांगा. हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच करा, कारण उत्तर यायला वेळ लागतो. डिपॉझिट एकाच ठिकाणी भरा, आणि त्याच दिवशी बाकीच्या कॉलेजांना नकार कळवा. तिथे कुणीतरी वेटलिस्टवर वाट पाहत असतं.