पडद्यावर नीट, कागदावर कोरं: पोस्टस्क्रिप्ट फाइलमधल्या प्रिंटरच्या आज्ञा

गड्ड्याच्या यात्रेच्या घाईत सोलापुरातल्या छापखान्यात स्मरणिकेचं पान कोरं आलं की पहिला आळ केबलवर जातो. केबल राहू द्या, फाइलची एक प्रत करून ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पान कसं काढायचं ते प्रिंटरला सांगणारी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा माणसालाही वाचता येते.

फाइलची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि उद्गारचिन्ह यांनी व्हायला हवी. त्याआधी ‘पीजेएल’च्या, म्हणजे छपाईचं काम कसं चालवायचं हे प्रिंटरला सांगणाऱ्या वेगळ्या भाषेतल्या, ओळी असतील तर त्या बहुधा ड्रायव्हरने घातलेल्या असतात. पीजेएल न कळणारा प्रिंटर त्यांवर अडखळतो.

खरी मेख ‘सेटपेजडिव्हाइस’मध्ये. कागदाचा आकार, ट्रे, दोन्ही बाजूंची छपाई ही आज्ञा ठरवते, पण ती मध्येच आली तर तोवर रेखाटलेलं पान पुसून नव्याने सुरुवात करते. म्हणून ईपीएस, म्हणजे दुसऱ्या पानात बसवायच्या पोस्टस्क्रिप्ट चित्रात ती घालायला मनाई आहे. तरी देवस्थानाच्या लोगोपासून जाहिरातींपर्यंत कुणीतरी दिलेल्या चित्रांत ती सापडतेच. मजकूर गायब आणि चित्र तेवढं शिल्लक, असं दिसलं की संशय तिथेच घ्यावा. चित्र पुन्हा शुद्ध ईपीएस म्हणून काढून घ्या. हाताने ओळी खोडणं हा शेवटचा उपाय.

प्रिंटर कागद मागत अडून बसला असेल तर आकार बघा. ६१२ बाय ७९२ पॉइंट (एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग) हा अमेरिकन लेटर कागद. आपला ए४ साधारण ५९५ बाय ८४२. डीव्हीआयपीएस (टेक्समधली पानं पोस्टस्क्रिप्टमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर ए४ चा पर्याय देऊन फाइल नव्याने काढा.

जुन्या फाइलींत ‘स्टेटसडिक्ट’ या प्रिंटरच्या खास आज्ञांच्या संचातल्या आज्ञा एखाद्याच प्रिंटरच्या असतात. दुसऱ्यावर ‘अनडिफाइन्ड’ (ही आज्ञा माहीत नाही) अशी चूक येते, आणि चूक कळवणाऱ्या संदेशातच अडलेल्या आज्ञेचं नाव असतं.