पॅकेज वीस हजारांचं, हातात १४,६८६

बी.कॉम. झाल्यावर २०२१ साली मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपमध्ये अकाउंट्सला लागले. मुलाखतीत साहेब म्हणाले, "वर्षाचं पॅकेज दोन लाख चाळीस हजार." मी तिथंच मनात बाराने भागलं आणि स्टँडवरून घरी फोन केला, "अप्पा, वीस हजार!" अप्पांनी गारगोटीत गल्लीभर पेढे वाटले. आठ दिवसांत मी हप्त्यावर स्कूटी घेतली, महिन्याला ३,४०० रुपये. आईनं माझ्या जिवावर दोन हजारांची भिशी लावली. पहिला पूर्ण पगार खात्यावर आला १४,६८६ रुपये.

मला वाटलं फसवलं. रडत रडत अकाउंट्सच्या मोठ्या मॅडमकडं गेले. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं सगळं लिहून दाखवलं. तेच इथं सविस्तर सांगते, कारण आता पगारपत्रक मीच करते आणि दर जूनमध्ये कुणीतरी नवीन पोरगं तसाच चेहरा घेऊन माझ्या टेबलापुढं उभं असतं.

पॅकेज म्हणजे कंपनीला तुम्ही कितीला पडता तो आकडा. माझं बेसिक, म्हणजे मूळ पगार, १२,००० होतं. घरभाडं वगैरे धरून ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा महिन्याचा पगार, १६,४५०. मग उरलेले साडेतीन हजार कुठं गेले? मालकाच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी), बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,४४०. ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, मालकाचा वाटा ग्रॉसच्या ३.२५ टक्के, ५३५. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के, ५७७. दिवाळीचा बोनस बेसिकच्या ८.३३ टक्के, महिन्याला हजार. झाले वीस हजार. यातली ग्रॅच्युइटी कायम नोकरीत पाच वर्षं टिकलात तरच मिळते, आणि बोनस दिवाळीत. म्हणजे दर महिन्याला दिसणारा पगार मुळात १६,४५० चाच. त्यातून माझा स्वतःचा पीएफ १,४४० कापला, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १२४, आणि राज्य सरकारचा व्यवसाय कर २००. पीएफ दोनदा का, हे मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. एकदा मालक भरतो, एकदा तुम्ही भरता, आणि पॅकेजमध्ये दोन्ही तुमच्याच नावावर धरलेले असतात!

म्हणून मुलाखतीत एवढंच विचारा: "साहेब, बेसिक किती, ग्रॉस किती, आणि कापून हातात किती?" हे विचारलं म्हणून कुणी नोकरी नाकारत नाही. नाकारलीच, तर तिथं जाऊच नका.

कापलेला पैसा बुडत नाही, एवढं मनावर घ्या. ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयमध्ये घरच्यांचेही उपचार होतात. २०२२ मध्ये आईचं ऑपरेशन त्यावरच झालं. व्यवसाय कर तर एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना माफच आहे. पुरुषांना दहा हजारांच्या वर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, चालू करून दोन-तीन महिन्यांनी पीएफचं पासबुक बघत जा. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. स्लिपवर कपात आहे आणि पासबुक कोरं आहे, तर लगेच विचारा.

"पीएफ नको, सगळा पगार रोखीनं देतो," असं सांगणारे भेटतील. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या वर्कशॉपला पीएफचा कायदा लागू नसतो, तिथं गोष्ट वेगळी. पण चाळीस माणसं राबतात आणि तुम्हालाच हा सल्ला मिळतो, तर तो मालकाच्या फायद्याचा आहे. नोकरी बदलताना पीएफ काढून देणाऱ्या एजंटांपासूनही लांब राहा. यूएएन तोच ठेवून रक्कम पुढं ट्रान्सफर करा. माझ्यासोबतच्या दोघांनी ती काढली आणि मोबाईल घेतले. मला अजून वाईट वाटतं.

आता घरोघरी होणारा वाद. अप्पांचं म्हणणं, "कोल्हापुरात राहून एवढं मिळतंय, बक्कळ झालं." पुण्यात हिंजवडीतली मैत्रीण म्हणायची, "अठ्ठावीस हजारांच्या खाली बोलूच नकोस." दोघंही मला चुकीचे वाटतात. राजारामपुरीतली खोली पुण्यापेक्षा स्वस्त आहे हे खरं. पण पेट्रोल दोन्हीकडं शंभरीच्या वर, सिलिंडर आणि रिचार्ज जवळपास त्याच भावात. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्के वाढलं, ते गारगोटीलाही वाढलं. खोलीतला माझा वाटा २,२०० वरून ३,५०० झाला, मेस २,६०० वरून ३,६००. कोल्हापूर स्वस्त आहे म्हणून पगार कमी, हे फक्त भाड्यापुरतं मान्य करा. आणि मैत्रिणीचे अठ्ठावीस पॅकेजचे की हातातले, तेही आधी विचारा. आमचं यावरून दोन महिने बोलणं बंद होतं, शेवटी कळलं ती पॅकेजच सांगत होती.

पगारवाढ मागताना महागाईचं रडगाणं लावू नका. मी लावलं होतं. साहेबांनी शांतपणे सांगितलं, "महागाई मलापण आहे." तेही खोटं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी जीएसटीची रिटर्न्स भरायला शिकले, विक्रीचं जीएसटीआर-१ महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, कर भरायचं ३बी २० तारखेपर्यंत, वर माल पाठवतानाची ई-वे बिलं. बाहेरच्या सल्लागाराला द्यायची फी वाचली, तो आकडा कागदावर मांडून हातात १८,००० मागितले. १७,५०० वर ठरलं. "पगार मागायचा नसतो, मिळायचा असतो," असं शिकवणारे सीनियर प्रत्येक ऑफिसात असतात. त्यांच्याकडून टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, शिका, हे शिकू नका.

अजून एक. एक तारखेला रुजू झालात तरी पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आसपास येतो. हजेरी २५ तारखेला बंद होत असेल तर तोही अर्धवट येतो. त्यामुळं चाळीस दिवसांचा खर्च घरून घेऊन या: खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, येण्याजाण्याचं भाडं. नोकरी लागल्यावर अप्पांकडं पैसे कसे मागायचे म्हणून मी गप्प राहिले आणि आठ दिवस रात्री चहा-खारीवर काढले. तुम्ही मागा.