क्रेशेंडो म्हणजे कळस? या चुका टाळा

भाषांतरं तपासायला येतात त्यात क्रेशेंडो हा पाश्चात्त्य संगीतातला शब्द दिसला रे दिसला की पोरं डोळे झाकून 'कळस' लिहून मोकळी होतात. मोबाईलवर पहिला अर्थ दिसला तो उचलला, पुढची ओळ वाचायला वेळ कुणाला आहे!

इटालियनमधे क्रेशेरे म्हणजे वाढणं, क्रेशेंडो म्हणजे वाढत वाढत. शब्द चढणीचा आहे, माथ्याचा नाही. स्वरलिपीत खूणही तशीच असते, डावीकडे टोक जुळलेलं आणि उजवीकडे फाकत गेलेल्या दोन रेघा.

मीही आपटलोय. एका कथेत पत्र्यावरच्या पावसाचा क्रेशेंडो होता, मी झोकात लिहिलं 'पावसाने कळस गाठला'. संपादकबाईंचा फोन, "अहो, पाऊस कळसाला पोचलाय तर पुढच्या ओळीत म्हातारी कुजबुजते ती पोराला ऐकू कशी येते?" मूळ कथेत पाऊस तेव्हा कुठे वाढायला लागलेला, म्हातारीचा आवाज हळूहळू त्यात बुडतो आणि शेवटचं वाक्य पोराला ऐकूच येत नाही, सगळी कथा त्या न ऐकलेल्या वाक्यावर उभी, आणि मी तिसऱ्याच ओळीत ती बुडवली होती. तेव्हापासून मी आधी पेन्सिलीने 'वाढत गेला' लिहितो, दोन परिच्छेद पुढे वाचतो, मगच काय ते ठरवतो. वेळ जातो, जाऊ दे.

दुसरी चूक लयीची. विलंबितातून द्रुतात जाणारा ख्याल ऐकलेल्या आपल्या कानांना वाढणं म्हणजे वेग वाढणं वाटतं. क्रेशेंडोत वाढतो तो आवाज. फ्रेंच संगीतकार रावेलचा १९२८चा 'बोलेरो' ऐका, पंधराएक मिनिटं ड्रमचा तोच ठेका, लय तीच, वाद्यं येऊन मिळत जातात आणि आवाज तेवढा फुगत जातो. वेग वाढवायचा तर त्याला अच्चेलेरांडो असा वेगळा शब्द आहे.

'रायझिंग क्रेशेंडो' म्हणजे पिवळा पीतांबर. उच्चार क्रेसेंडो नाही.

आता कळस म्हटलं की अंगावर धावून येणारे शुद्धतावादीही मला झेपत नाहीत. अमेरिकन लेखक फिट्झजेराल्डने १९२५च्या 'द ग्रेट गॅट्सबी' कादंबरीत पार्टीनंतर अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न क्रेशेंडोला पोचवलेत, आणि इंग्रजी डिक्शनऱ्यांत हा अर्थ केव्हाच आलाय. तिथे 'हॉर्नचा कालवा शिगेला पोचला' असंच लिहायचं, पेन्सिल खाली ठेवून.