नव्या घरासाठी टिकाऊ उपकरणे कशी निवडावीत : आधी घर तपासा, मग दुकानात जा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की बहुतेक कुटुंबे दसरा, दिवाळी किंवा पाडव्याचा मुहूर्त गाठून फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर आणि एसी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतात. सगळी चर्चा कोणती कंपनी चांगली यावर होते. प्रत्यक्षात एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे उपकरण एका घरात दहा वर्षे विनातक्रार चालते आणि दुसऱ्या घरात दोन वर्षांत बंद पडते. त्याचे कारण बहुधा त्या घरातली वीज, तिथले पाणी आणि त्या गावातली दुरुस्तीची सोय यांत सापडते. म्हणून निवडीची सुरुवात घरापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिली पायरी : घरातली वीज तपासून घ्या

सामान आणण्यापूर्वी एका जाणकार वायरमनला घरी बोलवावे आणि प्रत्येक पॉवर पॉइंटवर मीटर लावून पाहायला सांगावे. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास दाब मिळायला हवा, फेज आणि अर्थिंग यांच्यातही जवळपास तेवढाच मिळायला हवा, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यातला फरक दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. फेज आणि अर्थिंग यांच्यात काहीच दाब दिसला नाही, तर सॉकेटला तिसरे भोक असूनही त्यामागे अर्थिंगची तार जोडलेलीच नाही असे समजावे. नव्या इमारतींतही हा दोष आढळतो, आणि गिझर किंवा वॉशिंग मशीनच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. स्विचबोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ, आहे का आणि तिचे टेस्ट बटण दाबल्यावर ती खाली पडते का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

दोन हजार वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतो. त्यामुळे त्याला १६ अँपिअरचे सॉकेट, पुरेशा जाडीची तार आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह वाहिल्यास आपोआप बंद होणारी कळ, लागते. एसीचेही तसेच. दोन एसी, दोन गिझर आणि इंडक्शन शेगडी असा बेत असेल, तर महावितरणच्या बिलावर छापलेला ‘मंजूर भार’, म्हणजे घराला एका वेळी किती वीज वापरण्याची मंजुरी आहे तो आकडा, आधी पाहावा आणि तो कमी असल्यास वाढवून घ्यावा. फॉल्स सीलिंग आणि रंगकाम होण्यापूर्वी ही कामे थोड्या खर्चात होतात. नंतर त्यांच्यासाठी भिंती फोडाव्या लागतात.

दुसरी पायरी : पाण्याची प्रत आणि दाब ओळखा

ही पायरी जवळपास सगळेच वगळतात, आणि उपकरणांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. धरणातून येणारे महापालिकेचे पाणी बहुधा मऊ असते. पण शहराच्या वेशीवरच्या नव्या सोसायट्या वर्षातले कित्येक महिने बोअर आणि टँकर यांवर चालतात, आणि ते पाणी क्षारयुक्त, म्हणजे आपण ज्याला जड पाणी म्हणतो तसे असते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार, म्हणजेच टीडीएस, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत आणि काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, २०० मिलिग्रॅमपर्यंत असणे योग्य मानले जाते. टीडीएस मोजण्याचे छोटे मीटर काही शे रुपयांत मिळते, परंतु काठिण्य त्याने कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. नमुना घेताना सोसायटीचा टँकर सुरू असलेल्या दिवसांतले पाणीही तपासावे, कारण पावसाळ्यातला अहवाल मे महिन्यात उपयोगाचा नसतो.

जड पाण्याने नेमके काय होते, हे एकदा उघडलेल्या गिझरमध्ये पाहण्यासारखे असते. दोन-तीन वर्षे बोअरच्या पाण्यावर चाललेल्या आणि कधीही न उघडलेल्या गिझरची खालची प्लेट काढली की हीटिंग एलिमेंटवर पांढरट, खरखरीत थर बसलेला दिसतो, टाकीच्या तळाशी त्याच थराच्या खपल्या साचलेल्या असतात, आणि टाकी गंजू नये म्हणून बसवलेला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड झिजून त्याच्या जागी आतली बारीक तार तेवढी उरलेली असते. रॉड संपल्यानंतर पाणी टाकीच्या पत्र्यालाच खाऊ लागते आणि टाकी गळली की गिझर टाकून द्यावा लागतो. हा रॉड वेळेवर बदलण्याचा खर्च नव्या टाकीपुढे किरकोळ आहे. म्हणून जड पाण्याच्या घरात टाकीला आतून काचेचे किंवा तत्सम अस्तर असलेला गिझर घ्यावा, अ‍ॅनोड रॉड सुटा मिळतो का हे खरेदीपूर्वीच विचारावे, तो दरवर्षी उघडून पाहावा, आणि पाणी ५०-५५ अंशांच्या पुढे तापवू नये; तापमान वाढते तसा क्षारांचा थर अधिक वेगाने बसतो.

दाबाचे गणित सोपे आहे. पाण्याची टाकी जितकी उंच, तितका खाली दाब जास्त. दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार (बार हे दाब मोजण्याचे एकक). वीस मजली इमारतीत खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला नसेल, तर तिथे सहा बारपर्यंत दाब येऊ शकतो. अशा ठिकाणी ८ बार दाबासाठी बनवलेला, उंच इमारतींना योग्य असे स्पष्ट लिहिलेला गिझरच घ्यावा. याउलट टाकीच्या लगत खाली असलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर नळ टाकीपासून जेमतेम दोन-तीन मीटर खाली असतो, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास राहतो. पुष्कळ स्वयंचलित वॉशिंग मशीनना त्याहून अधिक दाब लागतो. तिथे यंत्र पाण्याची वाट पाहत थांबते, आणि घरचे लोक मशीन खराब निघाले म्हणून तक्रार करतात. किमान दाबाचा आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. तो दुकानातच वाचून घ्यावा.

तिसरी पायरी : जागा मोजा, वाट मोजा

टेप घेऊन स्वयंपाकघरातला फ्रिजचा कोपरा, ड्राय बाल्कनी आणि तिचा दरवाजा मोजावा. त्याचबरोबर लिफ्टचा दरवाजा, जिन्याचे वळण आणि मुख्य दार यांचीही मापे घ्यावीत. फ्रिजच्या मागे व बाजूंना हवा खेळण्यासाठी कंपनीने सांगितलेली मोकळी जागा सोडून मगच लिटरचा विचार करावा. ड्राय बाल्कनीत पावसाचे झोत येत असतील, तर मशीनच्या आधी तिथे आडोसा करून घ्यावा.

चौथी पायरी : खरेदीचा क्रम ठरवा

वॉरंटी साधारणपणे बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. दसऱ्याला घेतलेला एसी मार्चपर्यंत खोक्यात राहिला, तर एका वर्षाच्या वॉरंटीतले पाच-सहा महिने वाया गेले असेच धरावे. शिवाय उत्पादनातले दोष बहुधा सुरुवातीच्या वापरातच उघड होतात, तो काळही हातचा जातो. म्हणून राहायला जाण्याच्या आठवड्यात पंखे, शेगडी, फ्रिज आणि गिझर एवढेच घ्यावे. वॉशिंग मशीन घरातल्या पाण्याचा महिनाभराचा अनुभव घेतल्यावर, आणि एसी एक उन्हाळी आठवडा त्या घरात काढून कोणत्या खोलीत पश्चिमेचे ऊन येते हे पाहिल्यावर घ्यावा. मुहूर्ताची हौस एखाद्या वस्तूवर भागवता येते.

पाचवी पायरी : लेबल नीट वाचा

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल सर्वांच्या ओळखीचे आहे, परंतु बहुतेक जण तारे मोजून थांबतात. ताऱ्यांची तुलना त्याच प्रकारच्या, त्याच आकाराच्या उपकरणांत होते. त्यामुळे मोठ्या फ्रिजचे पाच तारे आणि लहान फ्रिजचे तीन तारे यांतून कोणता कमी वीज खाईल हे कळत नाही. त्यासाठी लेबलवर छापलेला वार्षिक युनिटचा आकडा पाहावा. दोन फ्रिजमध्ये वर्षाला ६० युनिटचा फरक असेल आणि आपल्याला युनिट १० रुपयांना पडत असेल, तर वर्षाला ६०० रुपये वाचतात. किमतीतला फरक या आकड्याशी ताडून पाहावा. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर वाढत जातो, हेही लक्षात ठेवावे; वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातले असतात.

एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला १६०० तास वापर गृहीत धरून काढलेला असतो. आपण एप्रिल-मे या दोन महिन्यांत रोज रात्री आठ तास एसी लावणार असू, तर वापर सुमारे ४८० तासांचाच होतो. मग लेबलवर दिसणारा २०० युनिटचा फरक आपल्या घरी ६० युनिटवर येतो आणि पाच ताऱ्यांसाठी मोजलेली जास्तीची रक्कम भरून निघायला बरीच वर्षे लागतात. अशा घराला तीन ताऱ्यांचा एसी पुरतो. मुंबईत जवळपास वर्षभर एसी वापरणाऱ्या घराने मात्र पाच तारेच घ्यावेत. लेबलवर त्याचा वैधता-कालावधीही छापलेला असतो. निकष अधूनमधून कडक केले जातात, त्यामुळे जुन्या कालावधीचे पाच तारे नव्या निकषांत चारच ठरू शकतात. सणासुदीच्या मोठ्या सवलतीत असा माल असण्याची शक्यता असते. उत्पादनाचा महिना आणि वर्ष खोक्यावर वाचून घ्यावे.

सुरक्षिततेसाठी गिझर, शेगडी, कुकर, प्लग आणि तारा यांवर आयएसआय चिन्ह, तर टीव्ही, मायक्रोवेव्ह यांसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये हे क्रमांक टाकून ते खरे आहेत का, हे दुकानात उभे राहूनच तपासता येते. स्वस्त, अनोळखी नावाच्या गिझरच्या बाबतीत ही तपासणी मुळीच टाळू नये.

सहावी पायरी : प्रत्येक उपकरण आपल्या हवामानाशी जुळवा

अकोला, नागपूर, चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो, कारण कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत तोच कूलर केवळ घाम वाढवतो. विदर्भात एसी घ्यायचा झाला, तर तो किती अंशांपर्यंतच्या बाहेरच्या तापमानात चालण्यासाठी बनवला आहे, हे तांत्रिक माहितीत पाहावे. समुद्रकिनाऱ्यालगत खाऱ्या हवेने एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी गंजते, म्हणून तिथे तांब्याची कॉइल आणि गंजरोधक लेप असलेलेच मॉडेल घ्यावे.

एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांत सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनला कमी लेखू नये. बादलीने पाणी घालता येते आणि दुरुस्ती गावातला कारागीरही करतो. फ्रंट लोड मशीन कपडे चांगले धुते आणि पाणी कमी घेते, पण त्याच्या आतल्या हीटरवर जड पाण्याचा थर बसतो. पंख्यांच्या बाबतीत निवड सरळ आहे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा, पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास, वर्षातले ३०० दिवस चालवला तर एका पंख्यामागे १६० युनिट वाचतात. पाइपने गॅस येणाऱ्या इमारतीत शेगडी घेताना ती त्या गॅसवर चालण्यासाठी बदलून मिळते का हे विचारावे, कारण सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडे, वेगळे असतात. हा बदल अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावा. आणि टीडीएस ५०० च्या आत असलेल्या महापालिकेच्या पाण्याला आरओ शुद्धीकरण यंत्राची सहसा गरज नसते. ते बरेच पाणी वाया घालवते, तिथे यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारे, यंत्र पुरते.

सातवी पायरी : दुरुस्ती कोण करणार, हे खरेदीपूर्वी विचारा

पसंत पडलेल्या दोन कंपन्यांच्या ग्राहक सेवा क्रमांकावर खरेदीपूर्वीच फोन करावा. आपला पिनकोड सांगून जवळचे सेवाकेंद्र कुठे आहे, तंत्रज्ञ किती दिवसांत येतो आणि भेटीचे शुल्क किती, हे विचारावे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी तर ही चौकशी सर्वांत आधी करावी. गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाही विचारावे; कोणत्या मॉडेलचे सुटे भाग मिळत नाहीत, हे त्याला पाठ असते आणि तो विक्रेता नसल्यामुळे मोकळेपणाने सांगतो.

‘कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी’ या वाक्याचा अर्थ बहुधा फक्त कॉम्प्रेसरचा सुटा भाग मोफत, एवढाच असतो. गॅस भरणे, मजुरी आणि वाहतूक यांचे पैसे वेगळे लागू शकतात. इन्व्हर्टर एसी आणि फ्रिज यांत विजेच्या चढउताराचा मार सहसा पीसीबीला, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाला, बसतो आणि तो महाग असतो, म्हणून पीसीबीवर किती वर्षांची वॉरंटी आहे हे वेगळे विचारावे. वाढीव वॉरंटी घ्यायचीच असेल तर कंपनीची घ्यावी, दुकानदाराने जोडून दिलेली नव्हे.

आठवी पायरी : बिल, घरपोच सामान आणि जोडणी

पक्के जीएसटी बिल घ्यावे आणि त्यावर मॉडेल क्रमांक व अनुक्रमांक लिहून घ्यावा. खोके आपल्यासमोर उघडावे, उघडताना मोबाइलवर चित्रण करावे, आणि पोचा आलेला किंवा फुटलेला माल दिसल्यास पावतीवर सही करण्याऐवजी तिच्यावर तसा शेरा मारावा. फ्रिज आडवा करून आणला असेल, तर माहितीपुस्तिकेत सांगितले असतील तितके तास तो उभा ठेवून मगच सुरू करावा. जोडणी कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावी आणि त्याच्याकडून तारखेची नोंद घ्यावी. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्याने खोक्यातलाच बसवला आहे ना, हे स्वतः पाहावे.

पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येक उपकरण पूर्ण क्षमतेने चालवून पाहावे. दोष दिसला तर फोनवर न थांबता लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. कंपनीने दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ही तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क लागत नाही.