तंत्रज्ञानावर लिहिताय? या चुका टाळा

तंत्रज्ञानाचा पत्रकार व्हायचं तर बंगळूरु गाठायला हवं, असं मला नाशिकची मुलं अजून सांगतात. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचं काम चालतं, सातपूर-अंबडला कारखाने आहेत आणि निफाड-दिंडोरीच्या बागांत रोज काहीतरी नवं यंत्र येतं. विषय दारात आहेत, पण चुकाही तिथेच होतात.

सगळ्यात महागात पडते ती प्रात्यक्षिकालाच वापर समजण्याची चूक. ती मीही केली. द्राक्षबागेत ड्रोनने फवारणी दाखवली, १० लिटरची टाकी, काही मिनिटांत काम फत्ते. मी भरभरून लिहिलं. दुसऱ्या दिवशी निफाडकडच्या एका बागायतदार काकांचा फोन आला. "ताई, डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या अंगाला धरते. वरून मारलेलं औषध तिथवर पोचतं का, हे विचारलंत?" नव्हतं विचारलं. ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर मांडवाखालून चालतो, ड्रोन वरून उडतो. अख्खी बातमी या फरकात होती आणि मी टाकीचे लिटर मोजत बसले. तेव्हापासून कंपनीच्या माणसाआधी मी वापरणाऱ्याशी बोलते.

खर्चाचंही तसंच. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' या सरकारी योजनेत महिला बचत गटांना ड्रोनसाठी ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत मदत ठेवली होती. अशी मदत नसेल तर हे यंत्र परवडेल का, हे बातमीत आलंच पाहिजे.

'देशात प्रथमच' यांसारखे कंपन्यांचे दावे तपासल्याशिवाय छापू नका. थेंबभर रक्तावर चाचण्या करण्याचा दावा करणाऱ्या थेरॅनोस या अमेरिकी कंपनीची किंमत ९ अब्ज डॉलर धरली जात होती, संस्थापिका मासिकांच्या मुखपृष्ठांवर होती. पत्रकार जॉन कॅरीरू यांनी तिथे काम केलेल्या माणसांना गाठलं आणि २०१५ मध्ये लिहिलं की बहुतेक रक्तचाचण्या त्या गाजलेल्या यंत्रावर होतच नाहीत. 'हे काम नक्की याच यंत्रावर होतं का?' एवढा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

परत न जाणं, ही चूक तर जवळजवळ सगळेच करतात. पान किती तास ओलं राहिलं हे मोजणारा सेन्सर बागेत बसला की फोटो छापून येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पुन्हा जा. मला सेन्सरच्या पट्टीवर बोर्डो या बुरशीनाशकाचा निळसर थर वाळलेला दिसला. तो पुसला नाही तर आकडे चुकतात, आणि पुसायचं कुणी हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. त्यावर लिहिलेला लेख आजही शेतकरी मागून घेतात.

पुस्तक लिहिताना ॲपच्या बटणांवर प्रकरण उभं करू नका. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. तेव्हाच्या पडद्याचं वर्णन पुस्तक छापून येईपर्यंत शिळं झालं असतं. यंत्र कसं चालतं आणि त्यामुळे कुणाचं काम बदललं, ते लिहा. त्यासाठी प्रत्येक भेटीची तारीख, यंत्राचं मॉडेल आणि पुन्हा कधी जायचं ते त्याच दिवशी, बांधावरच वहीत टिपून घ्या.