गिझर घेण्याआधी बादली भरून बघा

मी पुण्यात प्लंबिंगची कामं करतो. दिवाळी झाली की गिझर बसवायला बोलावणी येतात. बहुतेक घरांत गिझर आधीच आणून ठेवलेला असतो आणि जागेचा शोध नंतर सुरू होतो. कृपा करून आधी जागा ठरवा, मग पाण्याचं प्रेशर बघा आणि त्यानंतर दुकानात जा.

गॅस गिझर मी बाथरूमच्या आत बसवत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. बंद जागेत बर्नरला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. आंघोळ करणाऱ्याला गुंगी येते आणि कडी काढायचंही भान राहत नाही. ‘खिडकी उघडी ठेवू की’ असं लोक म्हणतात, पण जानेवारीत ती खिडकी बंदच होते. ड्राय बाल्कनी असेल तर गिझर तिथे लावा आणि गरम पाण्याची लाइन आत न्या. बाल्कनीला काचा लावून ती बंद केली असेल, तर तीही खोलीच समजा. सिलिंडरवाल्या गिझरवर आयएसआय मार्क आणि आयएस 15558 हा भारतीय मानकाचा आकडा बघून घ्या. घरात पाइप गॅस असेल तर पीएनजीचंच मॉडेल मागा, सिलिंडरवाल्याचा जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक छिद्र, वेगळा असतो.

आता प्रेशर. 20 लिटरची बादली ठेवून नळ पूर्ण सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. चार मिनिटांत भरली तर मिनिटाला 5 लिटर पाणी येतंय. गॅस गिझर पेटतो तो पाण्याच्या दाबाने डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, हलल्यावर. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल आणि टाकीतलं पाणी नळापेक्षा तीनच मीटर वर असेल, तर जेमतेम 0.3 बार दाब मिळतो (बार हे दाबाचं माप). गिझरला किमान किती दाब लागतो ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, तेवढं ताडून बघा. आणि ‘6 लिटरचा’ गॅस गिझर म्हणजे मिनिटाला 6 लिटर, आत साठा नसतो.

गॅसला मोकळी जागाच नसेल तर 3 किलोवॅटचा विजेचा इन्स्टंट गिझर घ्या, म्हणजे पाणी वाहतावाहता तापवणारा. त्यात 1 किंवा 3 लिटरची छोटी टाकी असते. मिनिटाला 2 लिटर पाणी सोडलं तर ते सुमारे 21 अंशांनी तापतं, म्हणजे थंडीतलं 18 अंशांचं पाणी 39 वर जातं आणि बादलीला दहा मिनिटं लागतात. बादलीवर आंघोळ करणाऱ्या घराला तेवढं पुरतं. शॉवर मोठा सोडलात तर पाणी कोमटच येणार. तिथे 15 लिटरचा साठवणीचा गिझरच बरा. हा इन्स्टंट 13 अँपिअर ओढतो, त्यामुळे 16 अँपिअरचा सॉकेट, 4 स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर आणि चांगलं अर्थिंग हवंच.

बोअरचं पाणी असेल तर आत क्षार धरतात. अशा घरांनी पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारावं, डायफ्राम, एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) हे भाग सुटे मिळतात का, आणि साफ करायला माणूस घरी येतो का.